लाईट हिरवी, पण मीटर बोलेना: इमारतीतली उपकरणं इथरनेटवर जोडायला शिकताना

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात इलेक्ट्रिकल कामं घेणाऱ्या आमच्यासारख्यांची हल्ली गंमत झालीय. पॅनेल उभं केलं, मेगर मारला, चार्ज करून दाखवलं, तरी मालक खुर्चीतून उठत नाही. "रीडिंग मोबाईलवर कधी दिसणार?" हा पुढचा प्रश्न तयारच असतो. बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज असो, मिरजेतलं हॉस्पिटल असो, नाहीतर विश्रामबागेतलं मंगल कार्यालय. एनर्जी मीटर, जनरेटरचा कंट्रोलर, चिलर, लिफ्ट, पाण्याच्या टाक्या, कॅमेरे, सगळ्यांच्या पाठीला नेटवर्कचं सॉकेट आलंय. 'ते आयटीवाल्याचं काम' म्हणून सोडून द्यावं, तर आयटीवाला येतो, पॅनेलचं दार उघडून ४१५ व्होल्टच्या बसबारकडे बघतो आणि म्हणतो, "हे तुम्हीच करा, मी लॅपटॉपवर बघतो."

हा लेख त्या 'तुम्ही'साठी आहे. आयटीआय झालाय, लग मारता येतो, ड्रॉइंग वाचता येतं, पण आयपी ॲड्रेस म्हटलं की अंग चोरतो, असा गडी माझ्या डोळ्यासमोर आहे. मीही तसाच होतो.

एक गोष्ट आधीच डोक्यात घालून ठेवा. पॉवरच्या वायरीचं साधं असतं, सप्लाय आहे किंवा नाही. नेटवर्कची वायर मात्र अर्धवट चालते. सकाळी चालते, दुपारी कॉम्प्रेसर सुरू झाला की बंद पडते. दोन कॅमेरे चालतात, तिसरा जोडला की तिन्ही अडखळतात. म्हणून खालून वर जायचं. आधी तांबं, मग लिंक (दोन्ही टोकांच्या उपकरणांनी एकमेकांना ओळखणं), मग पत्ता, आणि शेवटी उपकरणाची भाषा. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय वरचीला हात लावायचा नाही. साइटवर वाया गेलेल्या दिवसांचा हिशेब मांडला, तर बहुतेक वेळा आम्ही सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालून बसलेलो असायचो आणि दोष कनेक्टरात असायचा.

सगळ्यात आधी वही

ड्रिल मशीन बाहेर काढण्याआधी इमारतीतून एक फेरी मारा आणि प्रत्येक उपकरणासमोर उभं राहून लिहा: काय आहे, कुठे आहे, त्याला कुठलं पोर्ट आहे, सप्लाय कुठून येतो, ते बसवणारा माणूस कोण. फोटो काढाच, पण लिहाही. मोबाईलमधल्या चारशे फोटोंत नेमका हवा तो फोटो सापडत नाही.

या फेरीतच नवख्याला एक सापळा भेटतो. आरजे-४५ सॉकेट, म्हणजे नेटवर्कचं आठ पिनांचं सॉकेट, दिसलं म्हणजे ते इथरनेटच असेल असं नाही. कितीतरी व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला) आणि जनरेटरच्या कंट्रोलरला तसंच सॉकेट असतं, पण आत असतो आरएस-४८५, म्हणजे दोन वायरींवरचा जुना सीरियल जोड, किंवा ते फक्त कीपॅड जोडायला दिलेलं असतं. तिथे नेटवर्क स्विचची (दिव्याचा नव्हे, उपकरणांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या डब्याची) केबल खुपसली तर काहीच होणार नाही, हे झालं नशीब. त्या केबलवर एखाद्या स्वस्त इंजेक्टरमधून (नेटवर्कच्या केबलमध्ये वीज सोडणाऱ्या डबीतून) थेट २४ किंवा ४८ व्होल्ट जात असतील, तर कार्ड जळालं म्हणून समजा. सॉकेटवर काय छापलंय ते वाचा. मॉडबस आणि बॅकनेट या उपकरणांच्या बोलायच्या भाषा. मॅन्युअलमध्ये 'मॉडबस आरटीयू' लिहिलं असेल तर ते आरएस-४८५, 'मॉडबस टीसीपी' किंवा 'बॅकनेट आयपी' असेल तर इथरनेट.

आरएस-४८५ वाल्यांना वाळीत टाकायचं कारण नाही. पॅनेलमधले सात-आठ मीटर दोन वायरींवर एकापुढे एक ओवायचे, पहिल्या टोकाला एक गेटवे बसवायचा आणि माळेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावायचा. गेटवेची एक बाजू आरएस-४८५, दुसरी इथरनेट. मग पूर्ण पॅनेलला स्विचचं एकच पोर्ट पुरतं. माळ मात्र सरळ ओवायची, वडाच्या पारंब्यांसारखे फाटे काढायचे नाहीत.

फायर अलार्मचं पॅनेल यादीत असेल तर त्याच्यापुढे लाल पेनाने खूण करा. ते बसवणाऱ्याला विचारल्याशिवाय त्याचं झाकणही उघडायचं नाही. त्याच्याकडून फक्त माहिती घ्यायची, त्याला हुकूम द्यायचा नाही.

स्विच कुठे, केबल कुठून

स्विच आणि रॅक (स्विच-राउटर बसवायचं कपाट) कुठे ठेवायचा, हे ठरवताना सांगलीकराने ऑगस्ट २०१९ आठवावा. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात, आणि त्या महिन्यात कृष्णा तिच्याही कितीतरी वर चढली. पुन्हा २०२१ च्या जुलैत पाणी आलंच. तरीसुद्धा लोक बेसमेंटच्या मीटर रूममध्येच रॅक बसवायला सांगतात, कारण तिथे 'रिकामी जागा' असते. सरळ नाही म्हणा. पूरपट्ट्यातली इमारत असेल तर रॅक पहिल्या मजल्यावर. तळमजल्यावर जे ठेवावंच लागेल, ते गेल्या पुराच्या भिंतीवरच्या खुणेच्या वर. अशा इमारतीत ती खूण शोधावी लागत नाही, वॉचमन बोट करून दाखवतो.

तांब्याच्या केबलची मर्यादा १०० मीटर. त्यातही भिंतीतली, पाईपातली पक्की केबल ९० मीटर आणि दोन्ही टोकांचे पॅच कॉर्ड (जोडायच्या आखूड सुट्या केबल) मिळून १० मीटर, असा हिशेब धरतात. ही लांबी नकाशावरची नव्हे, केबलची. पॅनेलपासून वर ट्रेपर्यंत, ट्रेतून वळसा, डक्टमधून खाली, पुन्हा रॅकपर्यंत. नवख्याला नकाशावर साठ मीटर दिसतात आणि ओढून झाल्यावर पंच्याण्णव भरतात. मोजायची सोपी युक्ती आहे. चांगल्या केबलच्या वेष्टनावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. एका टोकाचा आकडा लिहा, दुसऱ्या टोकाचा लिहा, वजाबाकी करा. हा आकडा वहीत त्या केबलच्या नंबरापुढे गेला पाहिजे.

पॉवर केबलपासून फूटभर तरी लांब राहा. एकमेकींना छेदायचंच असेल तर काटकोनात छेदा, शेजारीशेजारी पळू देऊ नका. व्हीएफडी ते मोटर ही केबल तर सगळ्यात आगाऊ. तासगाव रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये एक मीटर रोज दुपारी दीड-दोन तास गायब व्हायचा. आम्ही मीटर बदलला, स्विच बदलला. शेवटी शिडी लावून ट्रेत डोकावलो, तर आमच्याच पोरांनी नेटवर्कची केबल कॉम्प्रेसरच्या मोटर केबलला वीस मीटरभर टायने छान आवळून बांधलेली. दुपारी उष्णता वाढली की कॉम्प्रेसर फुल लोडवर, आणि मीटर मुका. केबल दुसऱ्या बाजूने नेली, मीटर त्या दिवसापासून बोलतोय. कोल्ड स्टोरेजचीच आणखी एक गोष्ट. चेंबरच्या आत कनेक्टर ठेवू नका. दारं उघडझाप होतात, दमट हवा आत जाते, पाणी धरतं, पिना हिरव्या पडतात. सेन्सरची वायर बाहेर आणा आणि जोड बाहेरच्या बॉक्समध्ये करा.

एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायचं असेल तर तांबं नको, फायबर टाका. एक तर १०० मीटरची कटकट मिटते. दुसरं म्हणजे दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं, आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचा पाऊस ढोल वाजवत आला की जवळपास पडलेली वीज त्या तांब्यातून दोन्हीकडचे स्विच घेऊन जाते. फायबर काचेचं, त्यातून वीज वाहत नाही. मात्र फायबरच्या केबलमध्ये आधारासाठी लोखंडी तार किंवा पत्रा नाही ना, हे बघून घ्या. गच्चीवरून उन्हातून जाणारी केबल काळ्या, बाहेरच्या वापरासाठीच्या वेष्टनाची घ्या. करड्या रंगाची आतली केबल गच्चीवर दोन-तीन उन्हाळ्यांत पापडासारखी तडकते.

केबल आणि क्रिंपिंग: इथे घाई नाही

कॅट-६ घ्या. मीटर आणि कंट्रोलर यांना १०० एमबीपीएसही जास्त होतं, त्यांना कॅट-५ईदेखील पुरते, पण मजुरी दोन्हीला सारखीच. उद्या त्याच केबलवर कॅमेरा आला तर पुन्हा ओढायला नको.

बाजारात सगळ्यात मोठी फसवणूक आहे तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. खोका तोच, छपाई तीच, ३०५ मीटरचं बंडल, भाव मात्र निम्म्यावर. ब्लेडने एक वायर खरवडा. आतून पांढरी निघाली तर खोका परत. ती ठिसूळ असते, दोनदा वाकवली की तुटते, आणि तिच्यावरून कॅमेऱ्याला वीज पाठवली की लांबच्या टोकाला व्होल्टेज बसतं. खोका हातात उचलूनही कळतं, अस्सल तांब्याचं बंडल अंगावर येतं.

आता रंग. केबलमध्ये आठ वायरी, चार जोड्या, प्रत्येक जोडी पिळलेली. कनेक्टरची खिट्टी खाली, पिना वर आणि केबल तुमच्याकडे धरून, डावीकडून:

पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी.

ही झाली टी-५६८-बी पद्धत. टी-५६८-ए मध्ये नारिंगी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल असते. कुठलीही वापरा, पण पूर्ण इमारतीत एकच, आणि दोन्ही टोकांना तीच.

या क्रमात एक विचित्र गोष्ट आहे, ती नीट बघा. हिरव्या जोडीतली एक वायर तिसऱ्या पिनवर आणि दुसरी सहाव्या पिनवर. मध्ये निळी जोडी घुसलेली. आमच्याकडे आलेलं एक पोरगं हुशार होतं. त्याने विचार केला, हा कसला वाकडा क्रम, आपण सरळ लावू: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी. दोन्ही टोकांना अगदी तस्सं. टेस्टर लावला, एक ते आठ सगळे दिवे ओळीत पेटले.

"दादा, बघा की, सगळी लाईट लागलीय!"

लागणारच. टेस्टर एवढंच बघतो, की या टोकाची तीन नंबरची पिन त्या टोकाच्या तीन नंबरला पोचते का. पण इथरनेटला तीन आणि सहा ही एकाच पिळातली जोडी हवी असते. सरळ क्रमात तीन नंबर जातो हिरव्या पिळातून आणि सहा नंबर निळ्या पिळातून. पीळ असतो कशासाठी? जोडीतल्या दोन्ही वायरींवर बाहेरचा गोंगाट सारखाच यावा आणि वजाबाकीत उडून जावा, यासाठी. जोडी फुटली की ती वजाबाकीच फुटते. दोन मीटरच्या पॅच कॉर्डवर हे खपून जातं. चाळीस मीटरवर लिंक लागते, तुटते, लागते, तुटते. त्या पोराच्या बावीस केबल होत्या. आम्ही चव्वेचाळीस टोकं पुन्हा मारली, रात्री साडेअकराला. तेव्हापासून मी आठ दिव्यांच्या टेस्टरला 'सरपंचाचा दाखला' म्हणतो. लागतो, पण तेवढ्यावर भागत नाही.

क्रिंप मारताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे साधारण १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडायचा नाही. सवय नसलेला माणूस सोयीसाठी दोन इंच सोडतो आणि मग उघड्या वायरी कनेक्टरच्या बाहेर लोंबतात. केबलचं बाहेरचं वेष्टन कनेक्टरच्या आत जाऊन खिट्टीखाली दाबलं गेलं पाहिजे. नाहीतर केबलचा सगळा ताण त्या आठ केसांएवढ्या वायरींवर येतो. कनेक्टरच्या तोंडातून बघा, आठही वायरींची तांब्याची टोकं पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. एखादी मागे राहिली असेल तर 'चालतंय' म्हणू नका, कापा आणि नवा कनेक्टर घ्या. कनेक्टर हा स्वस्त माल आहे, पुन्हा साइटवर यायचा पेट्रोलचा खर्च स्वस्त नाही.

केबल कमी पडली म्हणून मध्ये सांधा मारून टेप गुंडाळायची, ही वायरमनची जुनी सवय इथे सोडा. टाय इतका आवळू नका की केबलला कंबर पडेल. वळण केबलच्या जाडीच्या चौपट तरी रुंद असू द्या. आणि दोन्ही टोकांना एकच नंबर, छापील फेरुल किंवा लेबल. मार्करने लिहिलेलं पहिल्या दिवाळीच्या साफसफाईत पुसलं जातं.

स्विच, वीज आणि एक गाठ

इथरनेट १९७३ साली झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत जन्मलं. तेव्हा एकाच जाड केबलला सगळे संगणक टॅप मारून जोडत, आणि दोघं एकदम बोलले की दोघांनीही थांबून पुन्हा बोलायचं. स्विच आला आणि ती ओरडाओरड संपली. स्विच प्रत्येक पोर्टवर कोण बसलंय हे त्याच्या मॅक ॲड्रेसवरून लक्षात ठेवतो आणि निरोप नेमका त्याच पोर्टला देतो. मॅक ॲड्रेस कारखान्यातून ठोकून आलेला असतो, उपकरणाच्या स्टिकरवर बारा अक्षर-आकड्यांत छापलेला. तोही वहीत लिहा.

आठ-दहा मीटर आणि कंट्रोलर असतील तर साधा, सेटिंग नसलेला स्विच चालतो. पॅनेलच्या आत बसवायचा असेल तर डिन रेलवर बसणारा, २४ व्होल्ट डीसीवर चालणारा औद्योगिक स्विच घ्या. टेबलावर ठेवायचा प्लॅस्टिकचा स्विच मे महिन्यात बंद पॅनेलमध्ये फार टिकत नाही. कॅमेरे आणि यंत्रं एकाच जाळ्यावर असतील तर मात्र मॅनेज्ड स्विच घेऊन त्यांचे व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी जाळी) वेगळे करा. स्विचला यूपीएस द्या. वीज गेली की काय झालं हे बघायला नेमकं तेव्हाच नेटवर्क लागतं.

कॅमेऱ्याला त्याच केबलमधून वीज द्यायची सोय म्हणजे पीओई. साधारण ४८ व्होल्ट डीसी. २००३ च्या मानकात स्विचच्या पोर्टवर १५.४ वॉट मिळतात, २००९ च्या मानकात ३०, आणि २०१८ च्या मानकात ९० पर्यंत. मानकातला स्विच आधी विचारून घेतो, की समोर वीज घेणारं उपकरण आहे का, आणि मगच सोडतो. म्हणून त्याला साधा मीटर जोडला तरी मीटर जळत नाही. स्वस्तातले इंजेक्टर विचारत नाहीत. स्विच घेताना एका पोर्टचे वॉट बघून खूश होऊ नका, सगळ्या पोर्टचे मिळून किती ते बघा. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागले की तो आकडा कळतो.

आता गाठ. मिरजेतल्या एका इमारतीत काम संपवून निघताना मला रॅकमध्ये एका पॅच कॉर्डचं टोक लोंबताना दिसलं. नीटनेटकेपणा म्हणून मी ते रिकाम्या पोर्टमध्ये बसवलं. दुसरं टोक त्याच स्विचमध्ये आधीच होतं. जिना उतरेपर्यंत फोन आला, "सगळंच बंद पडलं." एका पोर्टमधून गेलेला 'सगळ्यांना निरोप' दुसऱ्या पोर्टमधून परत आला, पुन्हा सगळ्यांना गेला, पुन्हा परत आला. थांबायला काही कारणच नाही. ओळखायची खूण अशी: स्विचचे सगळे दिवे एकाच तालात, वेड्यासारखे लुकलुकतात. एकेक केबल काढत जा. जी काढल्यावर दिवे शांत होतात ती गुन्हेगार. मॅनेज्ड स्विचमध्ये स्पॅनिंग ट्री नावाची सोय चालू असेल तर तो अशी गाठ स्वतःच बंद करतो. साध्या स्विचमध्ये ती नसते.

पत्ते वाटणं

आयपी ॲड्रेसला घाबरण्यासारखं काही नाही. कुपवाड एमआयडीसीत ब्लॉक आणि प्लॉट नंबर असतो ना, तसंच आहे. १९२.१६८.१०.२१ यात पहिले तीन आकडे हा ब्लॉक, शेवटचा प्लॉट. ब्लॉक कुठे संपतो आणि प्लॉट कुठे सुरू होतो हे सबनेट मास्क सांगतो. २५५.२५५.२५५.० म्हणजे पहिले तीन ब्लॉकचे, शेवटचा प्लॉटचा. अशा ब्लॉकमध्ये उपकरणांना २५४ पत्ते मिळतात. एकाच ब्लॉकमधली उपकरणं एकमेकांशी थेट बोलतात. ब्लॉकबाहेर जायचं तर नाक्यावरच्या गेटमधून जावं लागतं, ते गेटवे, म्हणजे बहुधा राउटर. मघाचा आरएस-४८५ चा गेटवे वेगळा.

१९२.१६८.०. किंवा १९२.१६८.१. हे ब्लॉक टाळा. बाजारातले बहुतेक राउटर आणि निम्मी उपकरणं कारखान्यातून त्याच पत्त्यांवर येतात, आणि उद्या मालकाने स्वतःच ब्रॉडबँडचा राउटर आणून जोडला की टक्कर होते. मी असं वाटतो:

१९२.१६८.१०.१ राउटर
२ ते ९ स्विच
२१ ते ४० मीटर आणि गेटवे
४१ ते ६० जनरेटर, चिलर, पंप, लिफ्ट
१०१ ते १४० कॅमेरे
१५० ते १९९ लॅपटॉपसाठी मोकळे, डीएचसीपीवर

डीएचसीपी म्हणजे राउटरने मागेल त्याला तात्पुरता पत्ता देणं. मोबाईल-लॅपटॉपला ते झकास. मीटरला नको. आज ३३ वर असलेला मीटर उद्या १५७ वर गेला की सॉफ्टवेअर त्याला ३३ वरच शोधत बसतं. यंत्रांना पत्ता हाताने, कायमचा टाका, आणि तो डीएचसीपीच्या पट्ट्याबाहेरचा असू द्या.

नवे पाच मीटर आले तर पाचही एकदम स्विचला जोडू नका. पाचही कारखान्यातून एकाच पत्त्यावर आलेले असणार. एकेक करून टेबलावर लॅपटॉपला जोडा, पत्ता बदला, मीटरच्या अंगावर पत्त्याचं लेबल लावा, मगच पॅनेलमध्ये पाठवा. पूर्वी लॅपटॉप आणि उपकरण थेट जोडायला उलटी-सुलटी क्रॉस केबल लागायची. आताचे लॅपटॉप ते स्वतःच जुळवून घेतात, साधी केबल चालते. लॅपटॉपला मात्र त्या मीटरच्याच ब्लॉकमधला वेगळा पत्ता द्यावा लागतो. मीटर १९२.१६८.१.१०० वर असेल तर लॅपटॉप १९२.१६८.१.२०० वर, मास्क तोच. आणि वायफाय बंद. वायफाय चालू ठेवून लॅपटॉप भलत्याच रस्त्याने मीटर शोधत बसल्याचे तास मी मोजलेले नाहीत, बरंच झालं.

पिंग वाचायचा कसा

कमांडच्या काळ्या खिडकीत 'पिंग' लिहून, जागा सोडून, पत्ता टाका. समोरून 'रिप्लाय' आला की तांबं, लिंक आणि पत्ता या तिन्ही पायऱ्या पक्क्या.

इथे एक फसवं उत्तर येतं. 'रिप्लाय फ्रॉम' असं दिसतं, त्यापुढे एक पत्ता, आणि मग 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल'. नवखा 'रिप्लाय' वाचून उडी मारतो. खाली हिशेबातही चार पाठवले, चार मिळाले, शून्य हरवले असं येतं. पण नीट बघा, रिप्लाय देणारा पत्ता तुमच्याच लॅपटॉपचा असतो. लॅपटॉप स्वतःच स्वतःला सांगतोय, की बाबा, हाक मारली, या पत्त्यावर कोणी ओ दिली नाही. केबल, सप्लाय, पत्ता यांपैकी काहीतरी चुकलंय. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' आलं तर निरोप निघाला, उत्तर आलं नाही. उपकरण पिंगला उत्तर देतच नसेल, किंवा त्याचा गेटवे चुकीचा टाकलाय आणि तुम्ही दुसऱ्या ब्लॉकमधून विचारताय.

दोन उपकरणांना एकच पत्ता गेलाय का, हा संशय आला तर सोपा उपाय आहे. संशयित उपकरणाची केबल काढा आणि पुन्हा पिंग करा. केबल काढलेली असतानाही उत्तर येत असेल, तर त्या प्लॉटवर दुसरं कुणीतरी राहतंय. म्हणून नवीन पत्ता देण्याआधीच तो एकदा पिंग करून बघायची सवय ठेवा.

पिंग येतो, तरी सॉफ्टवेअरमध्ये आकडे नाहीत? मग राहिली भाषा. मॉडबस टीसीपी ५०२ नंबरच्या पोर्टवर बोलतो, बॅकनेट आयपी ४७८०८ वर. इथे पोर्ट म्हणजे सॉकेट नव्हे, सॉफ्टवेअरमधल्या दाराचा नंबर. मध्ये फायरवॉल (जाळ्यातली नको ती ये-जा अडवणारा पहारेकरी) असेल तर हे पोर्ट मोकळे आहेत का बघा. मॉडबसमध्ये गेटवेच्या मागचा मीटर ओळखायला युनिट नंबर लागतो. रजिस्टरचा, म्हणजे मीटरमधल्या एकेका आकड्याच्या घराचा, नंबर कुणी एकपासून मोजतं, कुणी शून्यापासून. व्होल्टेजच्या जागी करंट दिसायला लागला की एक घर पुढे-मागे सरकून बघा. बॅकनेटमध्ये प्रत्येक उपकरणाचा डिव्हाइस नंबर पूर्ण जाळ्यात वेगळा हवा. त्याची 'कोण कोण आहे?' ही हाक राउटर ओलांडत नाही, त्यामुळे सगळी बॅकनेट उपकरणं शक्यतो एकाच ब्लॉकमध्ये ठेवा.

पासवर्ड कारखान्यातला ठेवू नका. तो मॅन्युअलमध्ये छापलेला असतो आणि मॅन्युअल सगळ्या जगाला मिळतं. मॉडबसला तर पासवर्डच नसतो. जो पोचला तो पंप बंद करू शकतो. मालक म्हणेल, "राउटरमध्ये पोर्ट उघडून द्या, घरून बघतो." पोर्ट उघडू नका, व्हीपीएन (इंटरनेटवरून आत यायची कुलूपबंद वाट) लावून द्या. जमत नसेल तर तेवढ्या कामाला आयटीवाल्याला बोलवा. बसबार नाही म्हटल्यावर तो येतो.

निघण्याआधी मेन बंद करून बघा

मालकाची परवानगी घेऊन, हॉस्पिटल असेल तर त्यांनी सांगितलेल्या वेळी, एकदा सप्लाय घालवून परत आणा. सगळं चालू असताना चालणारं जाळं आणि वीज येऊन-जाऊन झाल्यावर आपणहून उभं राहणारं जाळं, यांत फरक आहे. स्विच उठायला मिनिटभर किंवा जास्तही घेतो, राउटर त्याहून सावकाश, आणि काही कंट्रोलर घाईत आधीच जागे होऊन बसतात. दहा मिनिटं थांबा, चहा घ्या, मग वही उघडून यादीतला एकेक पत्ता पिंग करा.

परवाच्या साइटवर अठरापैकी सतरा आले. अठरावा होता गच्चीवरच्या टाकीच्या लेव्हलचा कंट्रोलर. तीन जिने चढून वर गेलो, त्याच्या छोट्या पडद्यावर पत्ता दिसत होता १६९.२५४ ने सुरू होणारा. उपकरणाने राउटरकडे पत्ता मागितला, राउटर अजून उठलेला नव्हता, म्हणून त्याने स्वतःच एक घेऊन टाकला. वहीत त्याच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'डीएचसीपी, नंतर बदलणे'. बदलला, ४७ टाकला, ती ओळ खोडली, आणि पूर्ण यादीची एक प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवली.